भुयारी मेट्रोची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईची ‘मेट्रो ३’ मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, आरे सोडले तर सगळी जमिनीखाली. लोकलची ओव्हरहेड वायर आणि पेंटोग्राफ (टपावरचा, वायरला टेकून वीज घेणारा सांगाडा) मुंबईकर जन्मापासून बघतो, पण मेट्रो ३ च्या फलाटावर छतापर्यंत काचेची दारे असल्याने गाडीच्या टपावर काय चालले आहे ते दिसतच नाही. मग प्रश्न पडतात. इथली उत्तरे मुख्यतः मुंबई-पुण्याच्या भुयारी मार्गांना धरून आहेत. कोलकाता, लंडन, पॅरिस गरजेपुरते. उघड्यावर रेल्वेची वीज हा मुख्यतः पैशाचा हिशेब असतो. बोगद्यात तो आधी जागेचा असतो आणि बहुतेक उत्तरे फिरून तिथेच येतात.

मेट्रो ३ ला वर वायर आहे की खाली तिसरा रूळ?

तिसरा रूळ म्हणजे गाडीच्या दोन रुळांशेजारून जाणारा, वीज पुरवणारा वेगळा रूळ. मेट्रो ३ ला तो नाही. वीज वरूनच येते, २५ हजार व्होल्ट एसी (दिशा सतत उलटणारी वीज), म्हणजे आज लोकलला मिळते तीच. पण वर ताणलेली वायर नाही. बोगद्याच्या माथ्याला ॲल्युमिनियमचा एक ताठ, पोकळ दांडा टांगलेला असतो. उंची साधारण ११ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. खालच्या बाजूला त्याला दोन ओठ असतात आणि त्या ओठांत तांब्याची तार घट्ट धरलेली असते. पेंटोग्राफची कार्बनची पट्टी घासते ती फक्त या तारेला. वीज वाहून नेण्याचे बहुतेक काम ॲल्युमिनियम करते, घासून झिजण्याचे काम तांबे.

ही तार बसवतात कशी, ते बघण्यासारखे असते. दांड्याचे १०-१२ मीटरचे तुकडे आधी पट्ट्या आणि बोल्ट लावून सलग जोडतात. मग एक छोटी ट्रॉली दांड्याच्या खालून ओढत नेतात. ती पुढे ओठ किंचित फाकवते, तार आत सरकवते आणि मागे ॲल्युमिनियम आपल्याच ताठपणाने पुन्हा मिटते. जाता जाता ग्रीसही भरले जाते, कारण तांबे आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात शेजारी राहिले की गंजतात. पुढे तार झिजली की तशीच ट्रॉली लावून जुनी काढायची, नवी घालायची. दांडा जागचा हलत नाही.

लोकलसारखी साधी वायर बोगद्यात का चालत नाही?

चालते, पण महाग पडते. उघड्यावरच्या ओव्हरहेड वायरच्या मांडणीत दोन तारा असतात: वर झोळासारखी लोंबणारी कॅटेनरी, खाली सरळ कॉन्टॅक्ट वायर. खांबापाशी दोघींत साधारण १.४ मीटरचे अंतर असते. मेट्रो ३ च्या बोगद्याचा आतला व्यास आहे ५.८ मीटर. त्यात रुळांखालचे काँक्रीट, गाडी, बाजूची चालायची वाट, केबल, पाण्याचे पाइप, सिग्नलची पेटी हे सगळे बसवायचे. वरचा मीटर-दीड मीटर नुसत्या तारांना द्यायचा तर बोगदाच मोठा खणावा लागेल, आणि बोगद्याचा खर्च व्यासाच्या वर्गाप्रमाणे फुगतो. मुंबईच्या बसाल्टमध्ये १७ टनेल बोअरिंग मशीन लावून हा मार्ग खणला. तिथे व्यास फूटभर वाढवणे म्हणजे गंमत नव्हे.

दुसरे कारण ताणाचे. वायर सरळ राहावी म्हणून आपल्याकडे प्रत्येक तारेला साधारण १ हजार किलोचा ताण देतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात तो टिकवायला खांबाला वजने लटकवतात. लोकलच्या प्रवासात खांबाशेजारी एकावर एक रचलेल्या लोखंडी चकत्या दिसतात, त्या ह्याच. ताठ दांड्याला ताण लागत नाही. त्यामुळे वजने नकोत, आणि तार तुटून गाडीच्या टपावर पडण्याचा प्रकारही जवळपास संपतो. ओव्हरहेड वायर तुटून गाड्या खोळंबल्याची बातमी मुंबईत पावसाळ्यागणिक येते. बोगद्यात तसे होऊ देता येत नाही, कारण अडकलेल्या लोकांना उतरून चालायला जागाच बेताची असते.

दांड्याची खोड एकच, तो लवचीक नाही. तार पेंटोग्राफबरोबर थोडी वरखाली होते, दांडा होत नाही. म्हणून तो मिलिमीटरच्या हिशेबाने बसवावा लागतो आणि दर ८ ते १२ मीटरवर त्याला आधार द्यावा लागतो. तार जिथे संपते आणि दांडा सुरू होतो तिथे पेंटोग्राफला हिसका बसू नये म्हणून हळूहळू ताठ होत जाणारा खास तुकडा घालतात. पुण्यात पिंपरी-चिंचवडकडून येणारी गाडी शिवाजीनगरच्या अलीकडे जमिनीखाली शिरते, तिथे हा बदल होतो. आतल्या प्रवाशाला काही कळत नाही. कळले, तर कुणाचे तरी काम चुकले आहे.

दांडा रुळांच्या बरोबर मध्यावर का नसतो?

मुद्दाम. तो डावीकडे-उजवीकडे साधारण २० सेंटीमीटरपर्यंत संथ वळसे घेत जातो. सरळ असता तर पेंटोग्राफच्या कार्बनवर एकाच जागी खाच पडली असती.

एवढ्याशा बोगद्यात २५ हजार व्होल्ट कशाला? कमी दाबाची वीज सुरक्षित नाही का?

हिशेब मांडून बघू. समजा, वेग घेणाऱ्या गाडीला ३ मेगावॉट शक्ती हवी आहे. २५ हजार व्होल्टला त्यासाठी १२० अँपिअर प्रवाह लागतो. तिसऱ्या रुळाच्या ७५० व्होल्ट डीसीला (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला) ४ हजार अँपिअर. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्याच जाडीच्या वाहकात नुकसान हजारपटीहून जास्त. ते टाळायला वाहक जाडजूड करावा लागतो आणि दर दीड-दोन किलोमीटरवर सबस्टेशन लागते. त्या प्रत्येक ठिकाणी ट्रान्स्फॉर्मर आणि एसीची डीसी करणारा रेक्टिफायर ठेवायला खोली हवी, तीही जमिनीखाली. २५ हजार व्होल्टला मात्र ३३ किलोमीटरच्या मार्गाला मोजकी मुख्य सबस्टेशन पुरतात. शहराच्या ११० किंवा २२० किलोव्होल्टच्या जाळ्यातून वीज घ्यायची, २५ किलोव्होल्टवर आणायची आणि बोगद्यात सोडायची.

याची किंमत हवेत मोजावी लागते. २५ हजार व्होल्टचा भाग आणि बोगद्याचे छत यांच्यात मोकळी हवा लागते. युरोपीय मानकात हे अंतर स्थिर स्थितीत २७० मिलिमीटर, गाडी जाताना क्षणभर १५० मिलिमीटर. ७५० व्होल्टला काही सेंटीमीटर पुरतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने याचा अनुभव घेतला आहे. १९२५ साली इथे पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे सगळे जाळे २५ हजार व्होल्ट एसीवर नेताना जुन्या पुलांखाली पुरेशी उंची मिळेना. कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पुलाखालून वेगमर्यादा घालावी लागली. हार्बर मार्गाचे रूपांतर २०१६ मध्ये पार पडले तेव्हा डीसीचा कारभार आटोपला.

सुरक्षेचे म्हणाल तर २५ हजार काय आणि ७५० काय, माणसाच्या जिवाला दोन्ही पुरेसे आहेत. फरक इतकाच की एक डोक्यावर, हाताबाहेर असते आणि दुसरे पायाशी.

मग कोलकाता आणि बेंगळुरूने ७५० व्होल्टचा तिसरा रूळ का घेतला?

कोलकात्याची मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला सुरू झाली. देशातली पहिली. तेव्हा जगभर भुयारी रेल्वे म्हणजे तिसरा रूळ, हे ठरूनच गेले होते. लंडन, न्यूयॉर्क, मॉस्को, सगळीकडे तेच. २००२ साली दिल्लीने २५ हजार व्होल्टची वाट धरली आणि पुढे नागपूर, मुंबई, पुणे त्या वाटेने गेले. बेंगळुरू आणि कोची मात्र तिसऱ्या रुळाकडे वळले. उड्डाणमार्गावर खांब-तारांचे जाळे दिसत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून सुरू झालेली कोलकात्याची नवी मार्गिकाही ७५० व्होल्टवरच आहे.

तिसऱ्या रुळाचा खरा गुण पुन्हा जागेचाच. तो गाडीच्या बगलेत, रुळाशेजारी बसतो, त्यामुळे छत खाली आणता येते. लंडनच्या खोल भुयारी बोगद्यांचा, म्हणजे ‘ट्यूब’चा, व्यास जेमतेम ३.५६ मीटर आहे. गाडीचा टप गोल, दाराशी उभे राहिले तर उंच माणसाला मान वाकवावी लागते. तिथे वर काही टांगण्याचा प्रश्नच येत नाही.

पुण्यात एकाच शहरात दोन पद्धती कशा?

खरे आहे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गिका २५ हजार व्होल्टवर, तर हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळावर. ती वेगळ्या कंपनीने, खासगी भागीदारीत बांधायला घेतली आणि ती पूर्ण उन्नत आहे, बोगदा नाही. तांत्रिकदृष्ट्या यात गैर काही नाही. पण एका मार्गिकेची गाडी दुसरीवर कधीच धावणार नाही, सुटे भाग वेगळे, डेपो वेगळा. एका शहराने असे करावे का, यावर मत विचाराल तर आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

लंडनमध्ये चार रूळ कशासाठी?

वीज आली की परतही जावी लागते. बहुतेक रेल्वे परतीसाठी गाडीचेच दोन रूळ वापरतात. डीसीत मात्र एक अडचण आहे. परतीचा थोडा प्रवाह रुळातून जमिनीत पाझरतो, वाटेत सापडेल त्या लोखंडी पाइपातून किंवा सळईतून वाहतो, आणि धातू सोडून पुन्हा जमिनीत उतरतो तिथे तो धातू खाऊन टाकतो. लंडनच्या जुन्या बोगद्यांचे अस्तरच बिडाच्या कड्यांचे, शेजारून पाण्याचे आणि गॅसचे पाइप. म्हणून त्यांनी परतीसाठी मधोमध वेगळा चौथा रूळ घातला. बाजूच्या रुळावर अधिक ४२० व्होल्ट आणि मधल्यावर उणे २१० व्होल्ट, मिळून ६३०, अशी ती जुनी मांडणी.

आजच्या ७५० व्होल्टच्या मेट्रोत चौथा रूळ नसतो. रूळ रबरी आणि प्लास्टिकच्या बैठकींवर जमिनीपासून अलग ठेवतात, खालच्या काँक्रीटमधल्या सळया एकमेकींना जोडून पाझरलेला प्रवाह गोळा करतात आणि त्यावर सतत नजर ठेवतात. २५ हजार व्होल्ट एसीत गंजाची ही चिंता जवळजवळ नाही, कारण प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि प्रवाह मुळातच थोडा असतो. त्याची डोकेदुखी निराळी. शेजारच्या सिग्नल आणि दूरसंचाराच्या तारांत नको असलेला दाब निर्माण होतो. त्यासाठी परतीची वेगळी तार वरच्या वाहकाच्या जवळूनच नेतात, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहाचे परिणाम एकमेकांना खोडतात.

लोकलमध्ये मध्येच दिवे-पंखे काही सेकंद बंद होतात. मेट्रोतही तसे होते का?

शहराच्या जाळ्यात विजेचे तीन फेज असतात. रेल्वे एका सबस्टेशनवर त्यांतल्या दोघांमधून वीज घेते, शेजारचे सबस्टेशन वेगळी जोडी वापरते, म्हणजे भार वाटला जातो. या दोन हद्दींच्या मध्ये थोडा भाग बिनविजेचा ठेवतात, त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तो ओलांडताना गाडी मुख्य ब्रेकर उघडते, घरंगळत पलीकडे जाते आणि पुन्हा वीज घेते. लोकलमध्ये दिवे जातात ते तेव्हा. मेट्रोत हे सगळे आपोआप होते आणि दिवे बॅटरीवर तगून राहतात. फार तर वातानुकूलनाचा आवाज क्षणभर उतरल्याचे कळेल.

मुंबईची वीजच गेली तर गाडी बोगद्यात अडकणार का?

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत गेले. भुयारी मेट्रो आखताना असाच दिवस गृहीत धरतात. प्रत्येक मुख्य सबस्टेशनला दोन स्वतंत्र वाहिन्या असतात आणि ट्रान्स्फॉर्मरही जोडीने. एक अख्खे सबस्टेशन बंद पडले तर शेजारचे त्याची हद्द सांभाळते. त्याला फीड वाढवणे म्हणतात. गाड्या थोड्या कमी धावतात, पण धावतात.

सगळेच गेले, तर गाडीतली बॅटरी आपत्कालीन दिवे, उद्घोषणा आणि किमान वायुवीजन चालवते. त्यासाठी साधारण तासाभराची क्षमता धरतात. ब्रेकला विजेची गरज नाही. वीज गेली की ते लागतात, सुटत नाहीत. स्थानकातले आणि बोगद्यातले आपत्कालीन दिवे यूपीएसवर असतात, त्यामागे डिझेल जनरेटर. मग प्रवाशांना बाजूच्या वाटेने जवळच्या स्थानकात किंवा जोडबोगद्यातून पलीकडच्या बोगद्यात नेतात.

गाडीची वीज तोडली की बोगद्यातले दिवेही जातात का?

नाही, आणि हा धडा फार महाग पडला होता. १० ऑगस्ट १९०३ ला पॅरिसच्या मेट्रोत एका रिकाम्या केलेल्या गाडीला आग लागली. मागून आलेली भरलेली गाडी कुरोन स्थानकात थांबली. धूर येत होता, तरी काही प्रवासी तिकिटाचे पैसे परत मागत रेंगाळले. तेवढ्यात दिवे गेले, कारण दिव्यांची वीज आणि गाड्यांची वीज वेगळी नव्हती. अंधारात लोक बाहेरच्या जिन्याकडे न जाता फलाटाच्या बंद टोकाकडे धावले. ८४ जण मेले. त्यानंतर दिव्यांचा पुरवठा गाड्यांच्या पुरवठ्यापासून वेगळा केला गेला.

आज मेट्रोत दोन निराळी जाळी असतात. गाड्यांसाठी २५ किलोव्होल्ट, आणि स्थानकांसाठी बहुधा ३३ किलोव्होल्टची कडी, जिच्यातून प्रत्येक स्थानकात ४१५ व्होल्ट वीज उतरवतात. दिवे, सरकते जिने, पंप, फलाटाची दारे आणि मुख्य म्हणजे बोगद्याचे प्रचंड पंखे या दुसऱ्या जाळ्यावर चालतात. आग लागली की नियंत्रण कक्ष ठरवतो, धूर कुठल्या दिशेला ढकलायचा आणि लोक कुठल्या दिशेने बाहेर काढायचे. पंखे उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरू शकतात. भुयारी मार्गावर स्थानकांना लागणारी वीज गाड्यांच्या विजेच्या तोडीस तोड असते, कधी जास्तच.

बोगद्यात पावसाचे पाणी शिरले तर?

२६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले आणि गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. वाहक वर असण्याचा अशा वेळी उपयोग होतो. पाणी रुळांवर चढले तरी २५ हजार व्होल्टपासून ते बरेच दूर असते. तिसरा रूळ मात्र पहिल्या फटक्यात पाण्यात जातो. तरीही वर वाहक आहे म्हणून गाडी चालवत राहायची असे नसते. गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट, सिग्नलची उपकरणे आणि गाडीच्या मोटर खालीच असतात. बोगद्याच्या सखल जागी पाणी साचायचे खड्डे आणि पंप याचसाठी ठेवतात.

छतातून ठिबकणारे पाणी जास्त छळते. इन्सुलेटरवर ओलसर काजळीचा थर बसला की त्यावरून वीज उडी मारते. म्हणून गळतीच्या जागी दांड्यावर झाकण घालतात आणि इन्सुलेटर पुसण्याचे काम कधी संपत नाही.

गाडी ब्रेक मारताना वीज परत देते, हे खरे का?

खरे. ब्रेक लागताना मोटर उलट जनरेटरचे काम करते. स्थानके जवळजवळ असलेल्या मार्गावर घेतलेल्या विजेतली ३० टक्क्यांच्या आसपास अशी परत येऊ शकते. दिल्ली मेट्रोने याच जोरावर संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत कार्बन क्रेडिटसाठी नोंदणी मिळवली, असे करणारी ती जगातली पहिली रेल्वे. एसीत ही वीज ट्रान्स्फॉर्मरमधून सरळ शहराच्या जाळ्याकडे परत जाऊ शकते. ७५० व्होल्ट डीसीत रेक्टिफायर एकदिशी असल्याने ती घ्यायला जवळ दुसरी गाडी वेग घेत असायला हवी, नाहीतर डीसीची पुन्हा एसी करणारा वेगळा इन्व्हर्टर बसवावा लागतो.

बोगद्यात याचा दुसरा फायदा मोठा आहे. परत न गेलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होते आणि ती उष्णता बोगद्यातच राहते. लंडनच्या खोल ट्यूबभोवतीची माती शंभर वर्षांत तापत गेली. सुरुवातीला १४ अंशांच्या आसपास असलेली माती काही ठिकाणी २० अंशांच्या वर गेली आहे, आणि उन्हाळ्यात सेंट्रल लाइनच्या डब्यात ३० अंशांच्या वर तापमान जाते. गंमत अशी की त्याच सेंट्रल लाइनच्या आखणीकारांनी १९०० साली विजेविना युक्ती केली होती. स्थानके थोडी उंचावर ठेवली, म्हणजे गाडी चढावर आपोआप मंदावते आणि निघताना उतारावर वेग घेते.

कोकण रेल्वेच्या बोगद्यांतही अशीच व्यवस्था आहे का?

वीज तीच, २५ हजार व्होल्ट. रोहा ते ठोकूर मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. पण त्याची तुलना मेट्रोशी करू नये. तिथे दोन मिनिटांनी गाडी येत नाही, स्थानके बोगद्यात नाहीत, आणि बोगदे एकेरी रुळाचे असले तरी मालगाडीच्या मापाने खणलेले आहेत. तिथला खरा बदल डिझेलच्या धुराचा. लांब बोगद्यात तो कोंडून राहायचा. मडगावपर्यंत खिडकी उघडी टाकून गेलेल्यांना तो वास आठवत असेल.

मोबाइल रुळांवर पडला तर?

मेट्रो ३ वर काचेच्या दारांमुळे तो पडणे अवघड, गाडी आणि फलाटाच्या फटीत गेला तरच. जिथे दारे नाहीत तिथे उतरू नका. कोलकात्याच्या जुन्या स्थानकांत ७५० व्होल्टचा रूळ फलाटासमोरच्या बाजूला, झाकणाखाली असतो आणि त्यातून काही आवाज येत नाही. कर्मचाऱ्यांना सांगा. ते नियंत्रण कक्षाची परवानगी घेऊन, दोन गाड्यांच्या मधे किंवा रात्री सेवा संपल्यावर लांब दांडीच्या चिमट्याने काढून देतात. सेल्फी स्टिक किंवा छत्री वर करून वाहकाकडे नेणेही तितकेच वाईट. २५ हजार व्होल्टला स्पर्शाची गरज लागत नाही, हवेतले अंतर कमी झाले तरी पुरते.